सायकलचे पार्ट बदलताय? या चुका टाळा

परभणीहून 'सव्वीसचा टायर' आणला आणि गावी येऊन रिमवर चढवला, तर तो बांगडीसारखा सैल. चूक माझीच. सव्वीस म्हणून दोन वेगळे टायर मिळतात, हेच माहीत नव्हतं. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ बसतो ५९० मिलिमीटरच्या रिमवर. माउंटन सायकलचा २६ × २.१ मात्र ५५९ च्या. फरक ३१ मिलिमीटरचा. अठ्ठावीसचंही तेच: दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा ६३५, नव्या हायब्रिडचा ६२२. म्हणून इंचावर जाऊ नका. जुन्या टायरच्या कडेला '४७-५५९' असं बारीक उठावात लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा दुकानात सांगा.

पहिला आकडा रुंदीचा. रुंद टायर ऐटबाज दिसतो खरा, पण मडगार्डखाली बोटभर तरी जागा उरते का बघा. नाही तर जुलैत आपल्या काळ्या रानातून दोनशे पावलं गेलं की चाक गच्च. पुढं सायकल तुमच्यावर बसते.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. ते जोर लावून 'नेहमीसारखं' पिळलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे गेलेच. पाना क्रँकच्या वर धरून पुढच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंची पायडलं अशीच आवळतात. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच.

नवी चेन टाकली आणि जोर लावताच ती दातांवरून उडते? चेनला दोष देऊ नका. जुनी चेन काढण्याआधी ताणून मोजा: एका पिनेपासून चोविसाव्या कडीपर्यंत १२ इंच भरायला हवेत. १/८ इंच जास्त भरले तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्रही झिजलेलं असतं, दोन्ही बदला. गिअरच्या सायकलला साधी जाड चेन चालत नाही.

सीट उंच करताना तिच्या दांडीवरची जास्तीत जास्त उंचीची खूण बाहेर येऊ देऊ नका.

आणि नव्या ट्यूबची हवा दुसऱ्याच दिवशी गेली तर? बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलेलं असतं. आतून बोट नको, जुना कपडा फिरवा; जिथे अडकेल तिथे काटा. वॉल्व्ह नेहमी टायरवरच्या नावासमोर बसवला, तर ट्यूबचं भोक टायरवर जुळवून काटा लगेच सापडतो.