सुरीला धार लावताना कुठे थांबायचं?

धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती कड. तिला जाडी असतेच. दाढीच्या नव्या पात्याच्या टोकाची गोलाई 50 नॅनोमीटरच्या आसपास असते, तर माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर) जाड, म्हणजे निदान हजारपट. लोखंडाचा अणू पाव नॅनोमीटरचा. तिथवर पोचायच्या कितीतरी आधी पोलाद हात टेकतं.

आधी कोन ठरवा. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने 15 अंश पुरतात. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 1 सेंटिमीटर उचला, झाला 15 अंशांचा कोन. एवढ्या कोनात टोकापासून 1 मायक्रॉन मागे पोलाद जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड उरतं. कोन आणखी कमी केलात तर सुरी हलकी चालेल, पण फळीवर आपटताच कड वळेल.

आता 1000 नंबरच्या (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) ओल्या दगडावर एकच बाजू घासत राहा. दुसऱ्या बाजूला धातूची बारीक मुडप येईपर्यंत थांबू नका. अंगठा पाठीकडून कडेकडे, कडेच्या बाहेर जाईल असा सरकवा (कडेच्या लांबीवरून कधीच नाही). मुडप नखाला अडकते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग हवी. बहुतेकांचं काम इथेच कच्चं राहतं. मग बाजू बदला.

मुडप काढणं हे खरं कसब. दाब कमी करत एकेक घासा आलटून पालटून द्या. मुडप राहिलेली सुरी कागद झकास कापते आणि थोड्याच वेळात बोथट होते, म्हणून कागदाच्या परीक्षेवर एकट्या विसंबू नका. कड दिव्याखाली धरा: चमकणारी रेघ दिसली तर तिथे धार नाही.

पुढे 3000 चा दगड, मग चामड्याचा पट्टा. त्यापलीकडे घासण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पोलादात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कडक कण असतात. काही मिश्रपोलादांत ते कित्येक मायक्रॉनचे, म्हणजे धारेपेक्षाच मोठे. कड फार बारीक झाली की ते निखळतात. ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेत स्फटिकरचनाच नसते, त्यामुळे तिची कपची काही नॅनोमीटरपर्यंत तीक्ष्ण निघते, पण जरा वाकडा जोर पडला की तुटते.

रोजच्या वापरात धार मंदावली तर आधी पट्ट्यावरच, पाठ पुढे ठेवून, पातं ओढा. दिव्याखाली रेघ पुन्हा चमकू लागली की मगच दगड काढा.