आधी देणं फेडा, मग दान: या चुका टाळा

कापणीचा सण जवळ आला की आमच्या ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) लोक मला, खजिनदाराला, विचारतात, "यंदा किती द्यावं?" मी आधी एवढंच विचारतो: कुणाचं काही राहिलंय का?

मजुरी थकवून दान देणं ही मी सगळ्यांत जास्त पाहिलेली चूक. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने सणाला पाच हजारांचं पाकीट आणि कांद्याच्या दोन गोण्या आणल्या. लिलावात गोण्या चढ्या बोलीने गेल्या, टाळ्या झाल्या. उपासना सुटली तेव्हा दाराशी दोन बाया उभ्या होत्या. तोच कांदा त्यांनी काढला होता, कापला होता, आणि अकरा दिवसांची हजेरी बाकी होती. "पट्टी आली की देतो," म्हणजे व्यापाऱ्याकडून कांद्याचे पैसे आले की, असं त्यांना सांगितलेलं. एकीचं पोर तापाने फणफणलं होतं, औषधाला पैसे नव्हते. मी ते पाकीट त्याच्या हातात परत दिलं. म्हटलं, "भाऊ, आधी ह्यांचे द्या." तो चिडला, दोन महिने देवळात फिरकला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (२४:१५) मजुरी देण्याची मुदत स्पष्ट आहे: त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी. कारणही तिथेच दिलंय, मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. पट्टी उशिरा येते हे मलाही माहीत आहे, मीही कांदाच लावतो. पण व्यापाऱ्याकडच्या उधारीचा भार रोजाने येणाऱ्या बाईने का वाहायचा? मी काढणीच्या आधी मजुरीची रक्कम वेगळ्या डब्यात ठेवतो, सुट्ट्यांसकट. रक्कम जमली नाही तर काढणी पुढे ढकलतो. संध्याकाळी पाचशेची नोट दाखवून "सुट्टे नाहीत, उद्या या" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

नव्याने विश्वासात आलेल्यांची घाई वेगळी. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयावरचा उपदेश ऐकतात आणि सोमवारी मोठं दान जाहीर करतात. लूक १९:८ पूर्ण वाचा. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो, हे त्याच दमात म्हणाला होता. एक वही घ्या, कुणाकुणाचं देणं आहे ते लिहा. याला आठवडा लागला तर लागू द्या.

घेताना एक वजन आणि विकताना दुसरं, हे अनुवाद २५:१३ मध्ये सरळ मना आहे. काटा तपासून घ्या.

सगळ्यांना सारखं दिलं की न्याय झाला, असंही नाही. पहिल्या मंडळीत ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटत (प्रेषितांची कृत्ये ४:३५).

बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला साडी देणं, यालाही लोक वाटून घेणं म्हणतात. सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाच्या पाच मुली बापाचा वाटा मागायला त्यांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा देवाने त्यांचं म्हणणं रास्त ठरवलं (गणना २७). भाऊ नव्हता म्हणून त्यांना मिळालं, असा वाद घालणारे भेटतात. त्यांनी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा पाहावा: मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती घरात मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखाच.

राहिला सरवा, म्हणजे कापणीनंतर गरिबांना वेचायला शेतात राहू दिलेलं धान्य. घरातलं फाटकं, विटकं नेऊन द्यायचं आणि फोटो काढायचा, याला मी वाटून घेणं मानत नाही. लेवीय १९:९ शेताचा कोपरा कापूच नको म्हणतं. तो भाग गरिबाचा आणि उपऱ्याचा आहे, शेतकऱ्याने उपकार केलेले नाहीत. बायबलमधल्या बवाज या शेतमालकाने तर गड्यांना सांगितलं होतं, पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका आणि सरवा वेचणाऱ्या परक्या विधवेला, रूथला, दटावू नका. मी बांधालगतच्या चार ओळी ज्वारी उभी ठेवतो. वेचणाऱ्या येतात त्या दिवशी मी शेताकडे जात नाही, म्हणजे कुणाला माझ्याकडे बघून पदर सावरावा लागत नाही की "दादा, घेऊ का?" असं विचारावं लागत नाही.