पंधरा दिवसांचे पुरुमेंत: निर्बंध लागण्याआधी घरातली तयारी

गोव्यात पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मेमध्ये करतात. तिला पुरुमेंत म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला. ज्या घरात पुरुमेंत होते तिथे संचारबंदीची तयारी अर्धी झालेलीच असते, असा समज आहे. तो वर्षातल्या काही महिन्यांपुरताच खरा. करोनाच्या साथीत २२ मार्च २०२०चा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चची देशव्यापी टाळेबंदी आली तेव्हा डबे तळाला गेले होते, कारण मार्चअखेर म्हणजे जुने पुरुमेंत संपत आलेले आणि नवे अजून व्हायचे. त्यात पहिले काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. पुढच्या वर्षी ९ मेपासून संचारबंदी लागली, आवश्यक वस्तूंची दुकाने सकाळी सात ते दुपारी एक उघडी होती, म्हणून लोकांनी मासे आणून फ्रीझर भरले. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि कित्येक गावांत काही दिवस वीज नव्हती. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा: वीज गेली तर हे टिकेल का? ‘नाही’ असे उत्तर आलेल्या वस्तू तीन दिवसांपुरत्याच घ्याव्यात.

खाली धरलेले घर पाच माणसांचे आहे: आजी, आजोबा, नवरा-बायको आणि एक शाळकरी मूल. माणसे कमी-जास्त असतील तर त्या हिशेबाने बदल करावा.

दुकानात जाण्याआधी घरातले डबे उघडून पाहावेत आणि गॅसचे सिलिंडर वजन करून घ्यावे. हलवून अंदाज घेणे निरुपयोगी. घरगुती सिलिंडरात भरलेला गॅस १४.२ किलो असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन वरच्या कड्याजवळ लिहिलेले असते. एकूण वजनातून ते वजा केले की शिल्लक कळते. सगळी माणसे दिवसभर घरी असली की तीन वेळचे जेवण, चहा आणि आंघोळीचे थोडे पाणी धरून रोज चारशे ते पाचशे ग्रॅम गॅस जातो. पंधरा दिवसांना सात किलोच्या आसपास हवा, त्याहून कमी असेल तर दुसरे सिलिंडर आधी मागवावे. त्याच कड्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ती टाकीच्या तपासणीची मुदत: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मुदत गेलेली टाकी घेऊ नये.

तांदूळ उकडा घ्यावा, बारा किलो. सकाळच्या पेजेला पाव किलो आणि दुपारच्या भाताला अर्धा किलो, म्हणजे रोज पाऊण. रात्रीच्या चपात्यांना रोज साडेतीनशे ग्रॅम कणीक धरली तर साडेपाच किलो पुरते. पावसाच्या तोंडावर याहून जास्त कणीक भरू नये, दमट हवेत तिला लवकर अळ्या पडतात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरावा. उकडा तांदूळ गॅस खातो, त्यावर उपाय म्हणजे रात्रीच भिजत घालणे. पेजेला एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी, दहा मिनिटे खळखळून उकळी, मग आच बंद करून झाकण घट्ट लावून टोप जाड कपड्यात अर्धा तास गुंडाळून ठेवायचा, आणि शेवटी मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायची. मीठ शेवटी.

कडधान्यात तूरडाळ दीड किलो, मूग एक, अळसांदे म्हणजे चवळी एक, पांढरे वाटाणे एक आणि कुळीथ अर्धा किलो. पाचजणांच्या पातळ भाजीला दोनशे ग्रॅम सुके वाटाणे बस्स होतात. जुने वाटाणे रात्रभर भिजूनही कडक राहतात, म्हणून दुकानात मुठीत घेऊन पाहावेत: सुरकुत्या पडलेले, भोके असलेले नकोत. तेल दोन लिटर, साखर दोन किलो, चहा अर्धा किलो. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

नारळावर मात्र लिहायला हवे, कारण गोव्यात जेवण नारळावर अडते. बारा-तेरा नारळ घ्यावेत आणि शक्य असेल तर असोले, सोलण न काढलेले. असोला नारळ महिनोन्‌महिने टिकतो. सोललेला असेल तर शेंडी ठेवलेला बघून घ्यावा, ती काढली की डोळ्यांवाटे हवा आणि बुरशी आत शिरते. हलवून पाणी वाजले पाहिजे. वाजत नसेल तर खोबरे सुकले तरी आहे किंवा नारळाला तडा गेला आहे. वीज नसेल तर मिक्सर नाही, आणि कितीतरी घरांत रगडा (वाटण वाटायचा दगड) अंगणात उपडा पडलेला असतो. तो आधीच धुऊन घ्यावा, नाहीतर पहिल्या दिवशीच्या हुमणात (माशांच्या कालवणात) खडे लागतात. ज्यांच्याकडे रगडा नाही त्यांनी धणे, मिरी, मेथी, हळद हा मसाला कोरडा भाजून आधीच दळून बाटलीत भरावा. खोबरे खवणीवर खवून कोमट पाण्यात हाताने पिळून रस काढता येतो, पण त्या कडीला (नारळाच्या कालवणाला) वाटणाचा दाटपणा येत नाही, म्हणून थोडे तांदळाचे पीठ लावावे. वाटलेला ओला नारळ मेच्या उष्म्यात सकाळचा संध्याकाळपर्यंत आंबतो. उरलेली कडी मातीच्या कुंडल्यात मंद आचेवर आटवून घट्ट करावी. तीच कालची कडी, पेजेबरोबर सकाळी खाऊन संपवायची. फ्रीज नसलेल्या काळाची ही पद्धत वीज गेल्यावर आपोआप परत येते.

सुके मासे हा यादीचा कणा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असतेच, म्हणजे मेमध्ये निर्बंध आले तर ताज्या मासळीचा खंड लांबणार हे धरून चालावे. गालमो (सुका जवळा) पाव किलो, सुकी सुंगटां (कोळंबी) पाव किलो, खारे बांगडे पंधरा-वीस. घेताना गालमो हातावर चोळून पाहावा. वाळू असेल तर हाताला कळते, घरी चाळणीने चाळावा लागतो. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-लालसर छटा दिसली तर तो घेऊ नये, आणि घरच्या डब्यात दिसली तर टाकून द्यावा. ती मिठात जगणाऱ्या जिवाणूंची असते, धुऊन जात नाही. आणलेला माल दोन दिवस कडक उन्हात द्यावा, मग सावलीत पूर्ण गार करावा आणि वर्तमानपत्र घातलेल्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावा. इथेच बहुतेकांचे चुकते: उन्हातून आणून गरम असतानाच झाकण लावतात, आतली वाफ थंडावून पाणी होते आणि आठवड्यात बुरशी. हा डबा तांदळाच्या डब्यापासून लांब ठेवावा, वासामुळे.

किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर. ती करताना गालमो मंद आचेवर तीन-चार मिनिटे सतत हलवत कुरकुरीत भाजायचा. खोबरे, कांदा, चिंचेचा कोळ, मीठ, मिरची वेगळे कालवून ठेवायचे आणि ताट वाढताना दोन्ही एकत्र करायचे. आधी कालवले तर मऊ पडते आणि किसमूरच उरत नाही. खारा बांगडा अर्धा तास पाण्यात घालून पाणी दोनदा बदलावे, कडीत मीठ चव घेऊनच टाकावे. आजोबांना रक्तदाब असेल तर त्यांच्या पानात खारे नको, त्यांच्यासाठी त्या दिवशी अळसांद्यांचे तोणाक (रस्साभाजी).

भिरंडांची सोलां (कोकमे, आमसुले) दोनशे ग्रॅम, कडीला सहा-आठ पुरतात. ती काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत. अॅल्युमिनियमचा डबा आंबटाने खाल्ला जातो. पावसाने भिजलेल्या भिरंडांची सोलां मऊ, चिकट असतात आणि लवकर बुरसतात, म्हणून पहिल्या सरीच्या आधीची घ्यावीत. सुक्या मिरच्या पाव किलो, देठासकट ठेवाव्यात, देठ काढायचे ते वाटायच्या वेळी. काणकोणची खोला मिरची मिळाली तर रंगाला उत्तम, तिखटाला मात्र दुसरी लागते. तिरफळांतल्या काळ्या बिया काढलेल्या आहेत का पाहावे, त्या कडू असतात. आगरातले जाडे मीठ दोन किलो. पावसात त्याला पाणी सुटते, म्हणून मातीच्या भांड्यात ठेवावे.

मेमध्ये कैऱ्या पडलेल्या असतातच. एक किलो कोवळ्या कैऱ्यांना पाव किलो जाडे मीठ, वरून उकळून गार केलेले पाणी, आणि कैऱ्या बुडून राहतील असे वजन. चेपणीचे आंबे बिघडतात ते वर तरंगल्याने किंवा ओला हात घातल्याने.

भाजीत गोवा बेळगाववर अवलंबून आहे. घाटरस्त्यावर वाहतूक अडली की फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरच्या टोपल्या सगळ्यांत आधी रिकाम्या होतात. म्हणून पंधरा दिवसांची भाजी टिकण्याच्या क्रमाने लावावी. पहिले तीन दिवस तांबडी भाजी (लाल माठ), कोथिंबीर. नंतर आठव्या दिवसापर्यंत भेंडी, काकडी, दुधी, कच्ची केळी. शेवटच्या आठवड्यासाठी अख्खा लाल भोपळा, कोहळा, सुरण, कणगां (कंद). भोपळा कापला की चार दिवसांत संपवावा, म्हणून एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान बरे. कांद्यांची माळ हवेशीर जागी टांगावी, बटाटे तिच्याखाली ठेवू नयेत, एकमेकांच्या सान्निध्यात दोन्ही लवकर बिघडतात. फणस फोडला की बिकणां (आठळ्या) धुऊन, वाळवून, तांबडी माती लावून ठेवावीत. आषाढातसुद्धा भाजीत घालता येतात.

दुधाच्या पिशव्यांचा खात्रीचा रतीब नसेल तर एक किलो दूध पावडर असावी, तिचे आठ लिटरच्या आसपास दूध होते. पोदेर (पाववाला) येईल न येईल. पाव दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरसतो, जास्तीचे काप करून उन्हात कडक वाळवले तर चहाला होतात.

आता फ्रीज. दार उघडले नाही तर वीज गेल्यावर खालचा भाग चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी, गळ्यापाशी दोन इंच सोडून, नाहीतर बर्फाने बाटली फुटते. फ्रीझरमध्ये एका वाटीत बर्फ करून वर नाणे ठेवावे. नाणे तळाशी गेलेले दिसले तर मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, तो मासा खाऊ नये. पंपाची वीज गेली की टाकीही रिकामी होते, तेव्हा पिण्याचे वीस लिटर पाणी आणि वापरायला दोन बादल्या वेगळ्या.

आजी-आजोबांची रोजची औषधे महिन्याची हवीत, पंधरा दिवसांची नव्हेत. इन्सुलिन फ्रीझरला चिकटून ठेवू नये, एकदा गोठले की ते वाया गेले. वीज गेल्यावर ते ओल्या मडक्यात ठेवण्याचा उपाय कोरड्या हवेत चालतो, इथल्या दमट हवेत मडके फारसे गार होत नाही. उघडलेली बाटली घरातल्या तापमानाला किती दिवस चालते हे आधीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठी लावावी. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि त्याचे जादा सेल. ऑक्सिजन ९४च्या खाली दिसला तर बोट गरम करून पुन्हा मोजावे, तरीही खालीच असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन. मोजताना नखांना रंग नको. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा.

एक खोली आजाऱ्यासाठी ठरवून ठेवावी, शक्यतो वेगळ्या न्हाणीची, खिडकी उघडी. ताट, वाटी, पेला त्याच खोलीत राहतो. जेवण दारापाशी स्टुलावर ठेवून बाजूला व्हायचे, मग त्याने उचलायचे. पेज, मुगाचे कढण, वर चेपणीच्या आंब्याची फोड एवढेच जाते. यात एक गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही: आजारात स्वयंपाक करणाऱ्यालाच वास येईनासा झाला, तर नासलेले दूध, खवट खोबरे आणि गॅसची गळती त्याला कळत नाही. घरातल्या दुसऱ्या एकाने रोज दूध आणि वाटण हुंगून पाहावे आणि रात्री रेग्युलेटर बंद करावा. स्वयंपाक करणारी आजारी पडली तर बाकीच्यांना निदान पेज, डाळ, चपाती आणि किसमूर आले पाहिजे. वरची पेजेची मापे म्हणूनच वाटी-वाटीत दिली आहेत. ती मुलाच्या हाताने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्यावीत आणि कागद ओट्यावरच्या कपाटाला आतून चिकटवावा, बाहेरून लावला तर वाफेने शाई पसरते.

खरेदीला एकच माणूस, घरातला सगळ्यांत निरोगी, आणि यादी दुकानांच्या क्रमाने. २०२१सारखी दुकाने एकला बंद होत असतील तर साडेबाराची रांग कामाची नाही. शेवटी माचिसच्या चार पेट्या, मेणबत्त्या आणि सुट्टे पैसे. माचिस तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी, पावसातही पेटते.