ऑपरेशननंतरचं जेवण : नुसत्या वरणाच्या पाण्यावर टाके भरत नाहीत

पोटाचं मोठं ऑपरेशन करून माणूस घरी आला की खान्देशात घरोघरी एकच हुकूम सुटतो : डाळ बंद, अंडं बंद, टाके पिकतील. मग उरतं काय? वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, चहा-टोस. डाळीने पू होत नाही, तो जंतुसंसर्गाने होतो. उलट प्रथिनं कमी पडली की शरीर मांड्या-दंडाचे स्नायू मोडून जखमेची गरज भागवतं. मग खाटेवरून उठायलाही पेशंटला हात द्यावा लागतो.

आधी वजन करा. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५५ किलोला ६६ ते ८२ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

सत्तर ग्रॅमचा दिवस साधारण असा बसतो : अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, साठ ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण १३, वाटीभर (२०० ग्रॅम) दही ७, पन्नास ग्रॅम पनीर ९, आणि शंभर ग्रॅम कळण्याच्या पिठाची भाकरी १३. ज्वारीत उडीद दळलेला असतो, म्हणून कळणा साध्या भाकरीपेक्षा सरस. हे सगळं सहा वेळांत वाटा. दोनदा ताट भरून दिलं तर निम्मं परत येतं. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिन नाही. केळी शक्तीला चांगली, पण प्रथिनांत तीही कच्चीच, मग ती जळगावची का असेना.

आतड्याचं ऑपरेशन असेल तर कळणा आणि सालीचा उडीद डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. ती तूट प्रथिनांच्या पावडरने भरा. डब्याच्या मागे एका मापात किती ग्रॅम प्रथिनं ते वाचा. काही डब्यांत साखरच जास्त, मधुमेह्याने तर ते बघावंच. उकळत्या दुधात पावडर टाकली की गुठळ्या होतात. कोमट दुधात थोडी-थोडी घोटा. पाणी वाढवलं तर पोट पाण्यानेच भरतं.

नाकातून नळी असेल तर घरचं गाळलेलं वरण त्यात घालू नका, नळी तुंबते. दवाखान्याने सांगितलेलंच द्या, डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवा, नंतर पाण्याने नळी धुवा.

आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्याला मात्र पहिल्याच दिवशी भरपेट देऊ नका. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा पेशंटचं खाणं रक्ततपासणी करत डॉक्टरच हळूहळू वाढवतात.