दशांश अपूर्णांकाला पूर्ण संख्येने भागण्याची रीत

कापसाच्या काट्याची पावती आणि सातबारा हे दोन कागद आमच्या विदर्भातील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी जपून ठेवलेले असतात आणि दोन्हींवर दशांश चिन्ह असते. क्विंटलचा शंभरावा भाग म्हणजे १ किलो आणि हेक्टरचा शंभरावा भाग म्हणजे १ आर, त्यामुळे चिन्हानंतरची दोन घरे या कागदांवर खऱ्या वजनाची आणि खऱ्या जमिनीची असतात. म्हणूनच मुलांना हा भागाकार शिकवताना मी याच कागदांपासून सुरुवात करते.

समजा, ६ एकरांत २५.५ क्विंटल कापूस झाला आणि एकरी उतारा काढायचा आहे. भाजक ६ डावीकडे लिहावा आणि भागाकार भाज्याच्या वर मांडावा. भाज्यातील दशांश चिन्हाच्या बरोबर वर, भागाकाराच्या ओळीतही चिन्ह आधीच देऊन ठेवावे. आता २५ ला ६ ने भागावे. सहा चोक चोवीस, म्हणून वर ४ लिहावे. बाकी १ क्विंटल उरतो. त्या एका क्विंटलचे दहा दशांश होतात आणि भाज्यातील ५ खाली घेतल्यावर ते १५ दशांश होतात. सहा दुणे बारा, म्हणून चिन्हानंतर २ लिहावे; बाकी ३. भाज्यातील अंक संपले तरी भागाकार येथे थांबत नाही. २५.५ आणि २५.५० यांचे मोल एकच आहे, म्हणून एक शून्य खाली घेतल्यास ३० शतांश मिळतात आणि सहा पंचे तीस होऊन बाकी उरत नाही. उत्तर ४.२५, म्हणजे एकरी ४ क्विंटल २५ किलो. चिन्ह विसरून भागाकार करायचा आणि शेवटी घरे मोजून ते द्यायचे, ही रीतही चालते; मात्र प्रत्येक पायरीवर आपण नेमके काय वाटत आहोत, हे तिच्यात दिसत नाही, म्हणून मी ती आधी शिकवत नाही.

सर्वाधिक चुका भागाकारातील शून्यापाशी होतात. चार भावांत ८.२४ क्विंटल तूर वाटायची आहे. चार दुणे आठ, म्हणून वर २. पुढे २ दशांश खाली येतात आणि त्यांना ४ चा भाग जात नाही. येथे अनेक मुले थेट ४ खाली घेऊन २४ करतात, चार सक चोवीस म्हणतात आणि २.६ लिहून मोकळी होतात. भाग गेला नाही, तर त्या घरात ० लिहिलेच पाहिजे. मगच पुढचा अंक खाली घ्यावा. खरे उत्तर २.०६ आहे. त्या एका शून्याअभावी प्रत्येकाच्या वाट्याला २०६ किलोंऐवजी २६० किलो तूर लिहिली जाते, आणि तेवढी तूर घरात नसते. पडताळा घेतला असता चूक लगेच उघडी पडते, कारण २.६ ला ४ ने गुणल्यास १०.४ येतात.

भाज्य भाजकापेक्षा लहान असले, तरी रीत बदलत नाही. सातबाऱ्यावरील ०.८१ हेक्टरचे सहा समान हिस्से करताना पूर्णांकाच्या घरात ० येतो, ८ दशांशांत ६ एकदा जातो, बाकी २. मग २१ मध्ये तीनदा जातो, बाकी ३. शून्य घेऊन ३० मध्ये पाचदा जातो. प्रत्येक हिस्सा ०.१३५ हेक्टर, म्हणजे साडेतेरा आर.

काही भागाकार मात्र संपत नाहीत. २.५ क्विंटल सोयाबीन तिघांत वाटताना ०.८३३३ असे येत राहते, कारण प्रत्येक वेळी बाकी १ च उरते. तीच बाकी पुन्हा आली, की पुढे तेच अंक येणार हे ओळखून थांबावे. किलोपर्यंतचे उत्तर हवे असेल, तर तिसऱ्या घरापर्यंत भागावे. तिसरा अंक ५ किंवा अधिक असल्यास दुसरा अंक एकाने वाढवावा, नाहीतर तसाच ठेवावा. येथे तो ३ आहे, म्हणून प्रत्येकी ८३ किलो, आणि उरलेला १ किलो वेगळा दाखवावा.