मेंदूच्या कॉर्टेक्समधले (बाहेरच्या थरातले) उत्स्फूर्त अवरोधक करंट नोंदवताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची काही मुलं आता पुण्या-बंगळूरच्या प्रयोगशाळांत पॅच-क्लॅम्प (पिपेट नावाच्या काचेच्या बारीक नळीने एका पेशीचा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) शिकतात आणि उन्हाळ्यात घरी आली की लॅपटॉपवर ट्रेस (नोंदवलेल्या करंटची रेषा) उघडून बसतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "सर, अवरोधक करंट शे ना, मंग हाई खाले काबर जास?"

म्हणजे पेशीला शांत करणारा करंट आहे, तर रेषा खाली का जाते? प्रश्न अगदी योग्य आहे, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते. रेषा खाली गेली की पेशी उत्तेजित झाली, असं मुलं धरून चालतात. पण हे अवरोधक करंट गाबा या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरमधून येतात, आणि हा रिसेप्टर ही क्लोराइडची वाट आहे. क्लोराइड कुठल्या दिशेने जाईल हे तुम्ही पिपेटमध्ये काय भरलं आणि पेशी कुठल्या व्होल्टेजवर धरली, यावर ठरतं. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर सीझियम क्लोराइड असेल आणि बाहेर साधारण १३०, तर क्लोराइडचा समतोल (ज्या व्होल्टेजला त्याची निव्वळ ये-जा थांबते) शून्य मिलिव्होल्टच्या जवळ येतो. मग उणे ७० वर धरलेल्या पेशीतून क्लोराइड बाहेर पडतं आणि रेषा खाली जाते. पिपेटमधलं क्लोराइड ८ मिलिमोलर ठेवलं, तर समतोल उणे ७० च्या आसपास सरकतो. आता उणे ७० वर जवळपास काहीच दिसणार नाही, आणि पेशी मेली की काय म्हणून मुलं नवी पेशी शोधायला लागतात! तसं करू नका. पेशी शून्यावर धरा. त्याच घटना (करंटचे छोटे झटके) वर जाताना दिसतील, आणि ग्लुटामेटचे (पेशीला उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे) करंट तिथे जवळजवळ नाहीसे होतात हा वेगळा फायदा.

पेशीचं स्वतःचं क्लोराइड जाणून घ्यायचं असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही. ग्रॅमिसिडिन हे पेशीच्या पडद्याला सूक्ष्म छिद्रं पाडणारं प्रतिजैविक वापरून छिद्रित पॅच करावा लागतो, कारण त्याच्या छिद्रांतून क्लोराइड जात नाही. नवजात उंदरांत हे विशेष महत्त्वाचं. त्यांच्या कॉर्टेक्समध्ये केसीसी-२ हा क्लोराइड बाहेर टाकणारा वाहक कमी असतो आणि गाबा पेशीला विध्रुवित (म्हणजे तिचं व्होल्टेज कमी उणे) करू शकतो.

उणे ७० वर जास्त क्लोराइडने काम करत असाल, तर ग्लुटामेटचे करंटही खालीच जातात. ग्लुटामेटचे रिसेप्टर बंद करणारे सीएनक्यूएक्स आणि एपी-५ घातल्याशिवाय घटना मोजू नका. शेवटी गाबा-ए रिसेप्टर बंद करणारं गाबाझिन द्रवात सोडा. जे उरेल ते गाबा-ए रिसेप्टरचं नव्हतं. वेळ वाचवायला ही शेवटची पायरी गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

टीटीएक्स (सोडियम चॅनल बंद करून पेशींचं फायरिंग थांबवणारं विष) न घालता नोंदवलेल्या घटनांना 'मिनिएचर' म्हणू नका. मिनिएचर म्हणजे ॲक्शन पोटेन्शियलशिवाय (पेशीच्या विद्युत स्पंदाशिवाय) आपोआप सुटलेल्या पुटिकांच्या (रसायनाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) घटना. फॅट आणि कॅट्झ यांनी १९५२ मध्ये बेडकाच्या स्नायूवर त्यांचं सविस्तर वर्णन केलं. टीटीएक्स नसेल तर शेजारच्या अवरोधक पेशींचं फायरिंगही मोजणीत येतं. पिपेटमधलं क्यूएक्स-३१४ फक्त तुमच्या पेशीचे सोडियम चॅनल बंद करतं, शेजारच्यांचे नाही.

'वारंवारता बदलली म्हणजे बदल प्रीसिनॅप्टिक, आकार बदलला म्हणजे पोस्टसिनॅप्टिक' (पहिला रसायन सोडणाऱ्या पेशीत, दुसरा ते घेणाऱ्या पेशीत) हा नियम पाठ असतो, आणि तो अर्धवट आहे. रिसेप्टर कमी झाले की लहान घटना गोंगाटात बुडतात. सॉफ्टवेअर त्या मोजत नाही आणि कागदावर वारंवारता घटलेली दिसते. सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यामधला रोध) वाढला तरी असंच होतं. दर काही मिनिटांनी तो तपासा आणि २० टक्क्यांहून जास्त सरकला तर ती पेशी सोडून द्या, कितीही सुंदर दिसत असली तरी.

आता खानदेशचं ऊन. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आपल्याकडे असा सेटअप उभारायचा झाला तर 'खोलीच्या तापमानाला' एवढं लिहून भागणार नाही. जानेवारीची खोली आणि मे महिन्याची खोली एक नसते. तापमान वाढलं की गाबाचे करंट लवकर ओसरतात. कंट्रोलचे प्राणी हिवाळ्यात आणि औषध दिलेले उन्हाळ्यात नोंदवले, तर हाती येणारा फरक ऋतूचाही असू शकतो. द्रव हीटरमधून सोडा, ३२ ते ३४ अंशांवर स्थिर करा, आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) स्लाइसच्या (मेंदूच्या पातळ कापाच्या) शेजारीच ठेवा. दोन्ही गट आलटून-पालटून घ्या. एसी, पंप, दिवे यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट लहान घटना गिळतो, म्हणून सगळं अर्थिंग एकाच बिंदूला आणा.

स्लाइस काढण्यापूर्वी प्राण्याला दिलेल्या भुलीचाही विचार करा: आयसोफ्लुरेन आणि पेंटोबार्बिटल दोन्ही गाबा-ए रिसेप्टरचा परिणाम वाढवतात. भूल धुऊन जाईल इतका वेळ कार्बोजनयुक्त (ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असलेल्या) द्रवात स्लाइसला द्या.

आणि आकडेमोड. एका पेशीतून हजारभर घटना मिळतात, म्हणून नमुना हजाराचा होत नाही. सगळ्या घटना एकत्र ओतून कोल्मोगोरोव्ह-स्मिरनोव्ह चाचणी (दोन गटांच्या वितरणांची तुलना करणारी) लावली की जवळजवळ काहीही 'लक्षणीय' ठरतं. आधी प्रत्येक पेशीची सरासरी काढा, मग कुठली पेशी कुठल्या प्राण्याची हे विश्लेषणात धरा. त्यासाठी प्रत्येक फाइलच्या नावात प्राण्याचा क्रमांक, पिपेटमधला द्रव आणि तापमान त्याच दिवशी लिहून ठेवा.