मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

२१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १, ही मूळ संख्या आहे. गणितज्ञ ऑयलरने १७७२ च्या सुमारास ते हातानं दाखवून दिलं. आज जावामध्ये आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून हीच संख्या द्या, बराच वेळ घेऊन तो सांगेल: मूळ नाही.

पद्धत चुकलेली नसते. २ पासून भाजक घेत जायचे आणि भाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येच्या पुढे गेला की थांबायचं. पण भाजक ४६३४१ झाला की वर्ग होतो २१४७४८८२८१. तो जावाच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे इंटमध्ये, मावत नाही, उलटून ऋण होतो. ऋण म्हणजे लहानच, त्यामुळे लूप चालूच राहतं. चालत चालत भाजक शेवटी त्या संख्येवरच येऊन आदळतो, अर्थातच भाग जातो, आणि उत्तर फिरतं. वर्ग लाँगमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकात काढा, नाहीतर 'भाजक <= संख्या / भाजक' अशी अट लिहा.

तसं पाहिलं तर ४६ हजार भाजकही लागत नाहीत. या संख्येचा मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ च उरायला हवेत. तपासायला पावणेचारशेपेक्षा कमी संख्या उरतात. ऑयलरने हेच केलं.

एक्सेलवर तर मुळीच विसंबू नका. तिथे १५ अंकांपुढे शून्यं लागतात. २^६१ − १ ही मूळ संख्या २३०५८४३००९२१३६९३९५१ आहे, एक्सेल दाखवतं २३०५८४३००९२१३६९००००. पायथॉन वापरा, पूर्णांक कितीही मोठा चालतो.

२^घातांक − १ या रूपात घातांक मूळ, म्हणून संख्याही मूळ, हा जुनाच गैरसमज. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ज्याच्या नावाने या रूपाच्या संख्या ओळखल्या जातात, त्या खुद्द मर्सेनने १६४४ च्या मूळ संख्यांच्या यादीत ६७ हा घातांक घातला होता. १९०३ मध्ये गणितज्ञ कोलने त्या संख्येचे, म्हणजे २^६७ − १ चे, अवयव मांडले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

इथे फर्माची चाचणी (आधाराचा 'संख्या − १' वा घात घेऊन संख्येने भागल्यावर १ उरतो का, हे पाहणं) आधार २ घेऊन लावणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. घातांक मूळ असला की २^घातांक − १ या रूपाची प्रत्येक संख्या त्यातून पास होते, २०४७ सुद्धा. आधार २ ची मिलर-राबिन, म्हणजे फर्माच्या चाचणीचीच कडक आवृत्ती, तीही तशीच फसते. आधार ३ घेतला की २०४७ लगेच पकडली जाते.

या रूपासाठी खरी चाचणी लुकास-लेमरची: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. घोळ होतो तो फेऱ्या मोजण्यात. फेऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे घातांक ५ असेल तर तीनच. तेव्हा संख्या २^५ − १ = ३१, तिच्यासाठी ४, १४, ८, ० असं येतं. शून्य आलं, संख्या मूळ. चौथी फेरी केलीत तर २९ येईल आणि चांगली मूळ संख्या नापास होईल. घातांक २ मात्र चाचणीत घालू नका, ३ मूळ आहे हे वेगळं लिहून टाका.